सिद्ध केलं, पण काय?

मागच्या अंकात बोलण्याच्या ओघात मी लिहून गेले की, टेस्ट पास झाल्या याचा अर्थ तुम्हाला सुचलेल्या चुका प्रोग्राममध्ये नाहीत, इतकाच. त्या एका वाक्यावर या महिन्यात पत्रांचा ढीग आला. काहींना ते पटलं नाही. काहींना फारच पटलं आणि ते थेट नवी भाषा बनवायला बसले. दोन्ही गटांतली पत्रं खाली घेतली आहेत. मी बावीस वर्षं कम्पायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम) लिहिले आणि मग कम्पायलरच्या सिद्धता लिहायला लागले, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकतं ते लपणार नाही.

प्रश्न : ताई, आम्ही तीन मित्र मिळून एक नवी प्रोग्रामिंग भाषा बनवतोय. पार्सर (लिहिलेल्या मजकुराची रचना ओळखणारा भाग) पूर्ण झालाय, कम्पायलर अर्धा झालाय. आमच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम सिद्ध केलेलाच असावा, म्हणजे त्यात बग असूच शकणार नाही, अशी कल्पना आहे. पुढची पायरी कोणती?
— शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : पुढची पायरी सांगण्याआधी तुला दोन पायऱ्या खाली उतरवते, राग मानू नकोस.

‘सिद्ध करणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. कर्म शोधायला क्रियापदाला ‘काय?’ असं विचारायचं, हे शाळेत शिकवलेलं असतं. तुझ्या मूळ पत्रात (इथे कापून छोटं केलंय) ‘सिद्ध’ पाच वेळा आलंय आणि पाचही वेळा कर्म गायब आहे. काय सिद्ध करायचंय? कम्पायलरनं प्रोग्रामचा अर्थ मशीन कोडपर्यंत जसाच्या तसा पोचवला, हे? की लिहिणाऱ्यानं स्वतःच्या फंक्शनला जी अट घातली ती ते फंक्शन पाळतं, हे?

पहिल्या कामाचं ठळक उदाहरण म्हणजे कॉम्पसर्ट. झाव्हिए लरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत २००५च्या सुमारास ते हाती घेतलं. सी भाषेचा हा कम्पायलर त्यांनी कॉक या सिद्धता-सहायकात, म्हणजे सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहिला (कॉकचं नाव आता बदलून रॉक झालंय) आणि एकेक टप्पा अर्थ बदलत नाही हे दाखवत गेले. दुसरं काम डॅफनीसारखी भाषा करते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रुस्तान लाइनो यांनी ती बनवली. तिथे अट तुम्ही लिहायची. मागे झेड३ नावाचा सॉल्व्हर बसलेला असतो, तो ती तपासतो. आता गंमत बघ. या दोन गोष्टी एकमेकींची हमी देत नाहीत. डॅफनीत सिद्ध झालेला प्रोग्राम पुढे सी शार्प किंवा जावात उतरतो, आणि तो उतरवणारा नेहमीचा कम्पायलर स्वतः सिद्ध केलेला नाही. उलट चुकीचा प्रोग्राम कॉम्पसर्टमधून गेला तर चुकीचाच बाहेर येतो, अगदी इमानदारीनं.

तेव्हा आधी कर्म ठरवा. ते ठरवायला लागलात की लगेच कळेल, तुमच्या भाषेतल्या वाक्यांना अजून अर्थच नाहीये. रूप आहे, कारण पार्सर आहे. अर्थ नाही. हे पटत नसेल तर तिघांनी तीन कागद घ्या आणि एकमेकांना न दाखवता लिहा: उणे सातला दोननं भागलं तर आपल्या भाषेत पूर्णांक उत्तर काय येतं? सी भाषा शून्याकडे झुकते आणि उणे तीन म्हणते. पायथॉन खाली झुकते आणि उणे चार म्हणते. मग दुसरा प्रश्न: एका फंक्शनला दोन आर्ग्युमेंट दिली आणि दोन्हींमध्ये काहीतरी छापायचं असेल, तर आधी कुठलं छापलं जाईल? जावा ‘डावीकडून उजवीकडे’ असं बजावून सांगते, सी मुद्दामच सांगत नाही. तिघांचे कागद जुळले तर मला कळवा, मी पुढच्या अंकात जाहीर माफी मागेन.

अर्धा कम्पायलर बाजूला ठेवा. टाकून देऊ नका, पण त्याला हात लावू नका. एक वही घ्या. संख्या, खरं-खोटं, इफ, लेट (मूल्याला नाव देणारी रचना) आणि फंक्शन, एवढीच भाषा धरा. लूपसुद्धा नको. प्रत्येक रचनेसाठी ‘ही एक पाऊल पुढे सरकते तेव्हा तिचं काय होतं’ याचा नियम लिहा. आमच्या पहिल्या वहीत असे अकरा नियम होते, दीड पानात बसले. ते दीड पान सिद्धता-सहायकात उतरवा आणि त्यावरूनच एक साधा, मंद इंटरप्रीटर (नियमांप्रमाणे प्रोग्राम थेट चालवणारा) चालवा. पुढे कम्पायलर कितीही चलाख झाला तरी त्याची तुलना या मंद भावंडाशी होणार आहे. पार्सरवर गेलेले महिने मात्र गेले असं समजा. पार्सर हा भाषेचा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी अडवणारा भाग असतो. सगळे तिथूनच सुरुवात करतात. मीही केली होती.

प्रश्न : टाइप सिस्टीम (कुठलं मूल्य संख्या, कुठलं मजकूर हे तपासणारे नियम) ‘साउंड’ म्हणजे भरवशाची असल्याची सिद्धता प्रत्यक्षात कधी उपयोगी पडते का, की ती पेपर लिहिण्यापुरतीच? पुस्तकातलं उदाहरण नको, तुमच्या हातून घडलेलं काही असेल तर सांगा.
— सॉफ्टवेअर अभियंता, अकरा वर्षं अनुभव

उत्तर : घडलंय. सांगायला थोडी लाज वाटते, पण विचारलंत म्हणून सांगते.

आमची एक छोटी भाषा होती. फंक्शनल, जेनेरिक टाइप असलेली. ‘रिकामी यादी’ लिहिली की तिचा टाइप ‘कशाचीही यादी’. वापरणारा हवं तिथे तिला संख्यांची यादी समजो, हवं तिथे मजकुराची. साउंडनेसची सिद्धता आम्ही दोन भागांत केली होती. एक, टाइप असलेला प्रोग्राम कधी मध्येच अडकून पडत नाही: एक तर तो उत्तर झालेला असतो किंवा पुढचं पाऊल टाकू शकतो. दोन, पाऊल टाकल्यावर त्याचा टाइप तोच राहतो. अँड्र्यू राइट आणि मथायस फेलायझन यांनी १९९४च्या लेखात रूढ केलेली ही पद्धत. आम्हाला चार महिने लागले, पण झालं.

मग वापरणाऱ्यांनी तगादा लावला: बदलता येईल अशी जागा द्या. आम्ही ‘डबी’ नावाची रचना घातली. डबीत काहीतरी ठेवायचं, नंतर उघडून बघायचं, हवं तर आतलं बदलायचं. कम्पायलरमध्ये ते दोन दिवसांत झालं. १,४००हून जास्त टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या. राहिली सिद्धता. मला वाटलं, दोन नवे नियम आलेत, दोन नव्या केस येतील, आठवड्याचं काम.

दुसऱ्या भागाच्या सिद्धतेत ‘लेट’ची केस अडली. लेट तर जुनाच होता, त्याची केस आधी चार ओळींत सुटलेली. मी तीन आठवडे त्यावर होते. इंडक्शन बदलून पाहिलं. गृहीतक जास्त बळकट केलं. लेमा (मधली छोटी प्रमेयं) तोडून दोन केले, पुन्हा जोडले. दर वेळी फिरून स्क्रीनवर तेच साध्य यायचं: ‘संख्यांची यादी = मजकुराची यादी’ हे दाखवा. मी ते वाचत नव्हते. खरंच सांगते, तीन आठवडे मी ते साध्य फक्त बघत होते आणि ते हलवायला कुठली टॅक्टिक (सिद्धता पुढे नेणारी आज्ञा) लावू याचा विचार करत होते. एका सकाळी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं पडद्याकडे बघून विचारलं, ‘हे खोटं आहे ना?’

खोटंच होतं. मग त्या खोट्या साध्यावरून उलट चालत जाऊन मी सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. लेटनं एक डबी बनवायची आणि तिच्यात रिकामी यादी ठेवायची. आमच्या नियमांनुसार त्या डबीचा टाइप झाला ‘कशाच्याही यादीची डबी’. पुढच्या ओळीत तीच डबी संख्यांच्या यादीची समजून तिच्यात पाच घातले. त्यापुढच्या ओळीत तीच डबी मजकुराच्या यादीची समजून उघडली, पहिला घटक काढला आणि त्याची लांबी विचारली. टाइप-चेकर खूश. प्रोग्राम चालवला आणि मशीननं ‘पाच’ हा मजकुराचा पत्ता समजून पाचव्या बाइटकडे धाव घेतली. धाडकन क्रॅश.

सिद्धता बरोबर होती, भाषा चुकली होती. आणि याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे: एमएल भाषावाल्यांनी ही ठेच कधीच खाल्ली होती. रॉबिन मिल्नर यांनी १९७८मध्ये शुद्ध भाषेसाठी मांडलेली हमी बदलत्या जागा आल्या की टिकत नाही, हे एमएलवाल्यांना माहीत होतं. बऱ्याच गुंतागुंतीच्या तोडग्यांनंतर राइट यांनी १९९५मध्ये सोपा नियम सुचवला: लेटच्या उजवीकडे आधीच तयार मूल्य असेल तरच त्याला ‘कशाचाही’ टाइप द्या, काही करून मिळणारं असेल तर देऊ नका. १९९७च्या स्टँडर्ड एमएलच्या व्याख्येच्या पुस्तकात तो आला. आमच्या कपाटात ते पुस्तक होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सिद्धता पूर्ण झाली त्या दिवशी मला काहीच नवं कळलं नाही. अडली होती तेव्हा कळलं.

प्रश्न : डॅफनीत एक सॉर्ट लिहिलं. ‘उत्तरातला प्रत्येक घटक त्याच्या पुढच्या घटकाइतका किंवा त्याहून लहान असावा’ अशी अट घातली. व्हेरिफायरनं दोन सेकंदांत पास केलं. चालवलं तर उत्तरात रिकामी यादी! हा टूलचा दोष धरायचा का?
— प्राध्यापिका, संगणकशास्त्र

उत्तर : मॅडम, टूल निर्दोष आहे. रिकाम्या यादीत पुढे-मागे काही नाहीच, त्यामुळे ती क्रमात आहे. तुम्ही मागितलं ते तुम्हाला मिळालं.

सुटलेली अट अशी: आत गेलेले घटक आणि बाहेर आलेले घटक तेच असावेत, जितक्या वेळा आले तितक्याच वेळा. डॅफनीत यासाठी मल्टिसेट आहे. आधीच्या आणि नंतरच्या यादीचा मल्टिसेट सारखा, एवढी एक ओळ पुरते. साधा सेट घेऊ नका, नाहीतर तीन पाचांचा एक पाच करणारं सॉर्टही पास होईल.

माझी सवय सांगते, विद्यार्थ्यांना करून बघायला द्या. अट लिहून झाली की बरोबर कोड लिहायच्या आधी मुद्दाम चार वाह्यात कोड लिहायचे. एक रिकामी यादी परत करणारा, एक सगळ्या जागी पहिला घटक भरणारा, एक आलेली यादी न शिवता परत देणारा, एक शेवटचा घटक गाळणारा. चौघांनाही हाकललं तरच ती अट कामाची. आणि आणखी एक सापळा आहे, जो वर्गात फार चांगला वठतो: फंक्शनच्या सुरुवातीच्या अटीच परस्परविरोधी लिहिल्या, म्हणजे ‘क्ष शून्याहून मोठा’ आणि दोन ओळी खाली चुकून ‘क्ष शून्याहून लहान’, तर पुढे काहीही सिद्ध होतं, कारण अशी वेळ कधी येतच नाही. म्हणून बॉडीच्या पहिल्या ओळीत ‘अ‍ॅसर्ट फॉल्स’ (म्हणजे ‘खोटं हे खरं आहे’ असा दावा) टाकून बघायचं. व्हेरिफायरनं तेही मान्य केलं तर घाबरायचं.

प्रश्न : मित्र म्हणतो, हॉल्टिंग प्रॉब्लेममुळे हे सगळं मुळातच अशक्य आहे. त्याला काय उत्तर देऊ?

उत्तर : ट्युरिंगनं १९३६मध्ये दाखवलं ते हे, की कुठलाही प्रोग्राम समोर आला तरी तो थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारा एकच प्रोग्राम असू शकत नाही. आपण तसा मागतच नाही. लिहिणारा स्वतः सांगतो की ‘माझा लूप थांबतो, कारण दर फेरीला ही राशी घटते आणि शून्याखाली जात नाही’. यंत्र तेवढंच तपासतं. आणि १९४९मध्ये ‘मोठा प्रोग्राम कसा तपासावा’ यावर छोटं टिपण वाचताना घटत्या राशीची हीच युक्ती सांगणारा माणूस कोण होता? ट्युरिंगच. मित्राला हेही सांगा.

कधी अशी राशी सापडत नाही. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, एकवर पोचलात की थांबा. हा तीन ओळींचा लूप प्रत्येक संख्येसाठी थांबतो हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. तुमची भाषा त्याला ‘थांबण्याची खात्री नाही’ असा शिक्का मारून चालू देईल की नाकारेल, हे मात्र तुम्हाला ठरवावं लागेल.

प्रश्न : नव्या भाषेत ‘इंट’ (पूर्णांकाचा टाइप) कसा ठेवावा? गणितातल्यासारखा अमर्याद ठेवला तर सिद्धता सोपी जाते, ६४ बिटांचा ठेवला तर वेग मिळतो. आमच्या टीममध्ये यावरून दोन तट पडलेत.
— कम्पायलर टीममधली एक

उत्तर : दोन्ही तट बरोबर आहेत, म्हणून दोन्ही ठेवा, पण त्यांच्यामधला दरवाजा उघडा ठेवू नका.

बायनरी सर्चची (क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी मधला घटक बघून शोधण्याची) गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते, कारण ती या प्रश्नावरच बेतलेली आहे. मधली जागा काढायला सगळेच लिहितात: (डावं + उजवं) / २. जॉन बेंटली यांनी आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हा शोध लिहून तो बरोबर असल्याचं ओळीओळीनं दाखवलं होतं. जावाच्या लायब्ररीत तसाच कोड गेला. २००६मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी, ज्यांनी तो जावात लिहिला होता, जाहीर केलं की त्यात चूक आहे आणि ती नऊएक वर्षं तिथे होती. ३२ बिटांत मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. अ‍ॅरे शंभर कोटींहून मोठा झाला की डावं आणि उजवं यांची बेरीज ती हद्द ओलांडू शकते, उणे होते आणि उणे क्रमांकाच्या घरात शिरायला जाते. दुरुस्ती एका ओळीची: डावं + (उजवं − डावं) / २.

बेंटलींचा युक्तिवाद गणितातल्या पूर्णांकांसाठी आजही बरोबर आहे. मशीनमध्ये ते पूर्णांक नव्हते, एवढंच. ४ जून १९९६ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत फुटलं, त्याच्या मुळाशीही हाच प्रकार होता: ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला गेला आणि मावला नाही. तो कोड आधीच्या एरियान ४मधून आलेला होता, तिथे तो आकडा मावत होता.

मी असं करते. अटी, इन्व्हेरियंट (लूपच्या दर फेरीत खरी राहणारी विधानं), सिद्धतेतली विधानं यांत अमर्याद पूर्णांक. चालणाऱ्या कोडमध्ये ठरावीक बिटांचे. आणि चालणाऱ्या कोडमधल्या प्रत्येक बेरीज-गुणाकारामागे कम्पायलर आपोआप एक ऋण उभं करतो: हे उत्तर हद्दीत मावतं हे दाखव. अडा भाषेवर बेतलेल्या स्पार्कमध्ये हे कित्येक वर्षं चालत आलंय. बहुतेक ऋणं सॉल्व्हर स्वतःच फेडतो. उरलेली त्रास देतात, पण उरलेलीच तर बघायची असतात. फक्त ‘ओव्हरफ्लो झाला (आकडा मावला नाही) तर गुंडाळून पुढे जा’ हा अर्थ नेहमीच्या अधिक चिन्हाला देऊ नका. हॅश वगैरे लिहिताना तो लागतो, तर त्याला वेगळं चिन्ह द्या. रस्टमध्ये नेहमीची बेरीज डिबग बिल्डमध्ये ओव्हरफ्लोवर थांबते आणि रिलीज बिल्डमध्ये गुंडाळते; वेगासाठी केलेली ती तडजोड मला समजते, पण सिद्धतेची भाषा बनवत असाल तर एका चिन्हाला दोन अर्थ परवडणार नाहीत.

प्रश्न : एवढं सगळं सिद्ध केल्यावर तरी टेस्टिंग बंद करता येतं का? आणि एवढा वेळ द्यायचा कुणी?
— टेस्टिंग विभागातला, नोकरीच्या काळजीत

उत्तर : काळजी सोडा.

युटा विद्यापीठातल्या गटानं सी-स्मिथ नावाचं टूल बनवलं. ते स्वैर, पण नियमात बसणारे सी प्रोग्राम तयार करतं आणि एकच प्रोग्राम वेगवेगळ्या कम्पायलरांना देऊन उत्तरं जुळतात का ते बघतं. २०११च्या त्यांच्या लेखात निरनिराळ्या कम्पायलरांमधले ३२५हून जास्त नवे बग नोंदवले आहेत. कॉम्पसर्टवर त्यांनी प्रोसेसरची सुमारे सहा वर्षं खर्च केली. सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचा कोड काढणारा एकही बग सापडला नाही. सापडले ते कडांना, जिथे तेव्हा सिद्धता पोचलेली नव्हती. २०१७मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात तीन सिद्ध केलेल्या वितरित प्रणालींमध्ये १६ बग सापडले, तेही बहुतेक असेच: बाहेरच्या जगाबद्दलची गृहीतकं, स्पेसिफिकेशन, पडताळणीची टूलं. म्हणजे तुमची नोकरी मधून निघून कडेला जाते. कड लांब असते.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७मध्ये एका टिपणाखाली लिहिलं होतं की वरच्या कोडमधल्या चुकांपासून सावध राहा, मी तो बरोबर असल्याचं फक्त सिद्ध केलंय, चालवून पाहिलेला नाही. लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला ते नेमकं निवेदन वाटतं.

वेळेचं म्हणाल तर एसईएलफोर या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं उदाहरण घ्या. सुमारे ८,७०० ओळींचा सी कोड. २००९मध्ये सिद्धता पूर्ण झाली तेव्हा ती इसाबेल या सहायकात जवळपास दोन लाख ओळींची होती. सगळं धरून माणशी वीसेक वर्षांचं काम. एका ओळीला तेवीसेक ओळी. सगळ्या कोडसाठी हे कुणीच करत नाही. गाभा कुठला ते निवडता आलं पाहिजे.

प्रश्न : आता एआय सिद्धता लिहून देतं. मग शिकायचं कशाला?

उत्तर : देतं खरं, आणि मी वापरतेही. लीन किंवा रॉक या सिद्धता-सहायकांत सिद्धता कुणी लिहिली याला महत्त्व नाही; मधला छोटा कर्नल (तपासणीचा गाभा) ती पायरी-पायरीनं तपासतो आणि चुकीची असेल तर नाकारतो. पण कर्नल विधान तपासत नाही. वरच्या सॉर्टसारखं विधानच लुळं असेल तर एआय ते आनंदानं सिद्ध करून देईल. विधान तुम्हीच वाचायचं. आणि फाइलमध्ये ‘सॉरी’ कुठे आहे का ते शोधायचं. लीनमध्ये सिद्धतेच्या जागी ‘सॉरी’ लिहिलं की पुढे जाता येतं. इतकी सभ्य फसवणूक दुसऱ्या कुठल्या भाषेत मी पाहिलेली नाही. नवीन ‘अ‍ॅक्सिअम’ कुणी गुपचूप घातलाय का, तेही बघा.

प्रश्न : आमची भाषा चालते, सिद्धता होतात, पण वापरणारे पळून जातात. म्हणतात, ‘हे मशीन नुसतं नाही म्हणतं.’ काय करावं?
— स्वतःची भाषा बनवून तीन वर्षं झालेला वाचक

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेला एरर मेसेज मी वाचला. ‘पोस्टकंडिशन सिद्ध करता आली नाही, ओळ ४२.’ (पोस्टकंडिशन म्हणजे फंक्शन संपताना पाळायची अट.) मीही पळाले असते.

या एका वाक्यात तीन निरनिराळ्या बातम्या कोंबल्यात. पहिली: अट खोटी आहे आणि सॉल्व्हरकडे त्याचं उदाहरण आहे. असेल तर ते दाखवा की! ‘यादीत [३, ३] असेल आणि क्ष = ३ असेल तर ओळ ४२ला उत्तर १ येतं, तुम्ही ० मागितलंय.’ माणूस लगेच कामाला लागतो. दुसरी: उदाहरण सापडलं नाही, पण सिद्धही झालं नाही, बहुतेक लूपचा इन्व्हेरियंट अपुरा आहे. तेव्हा लूप संपताना सॉल्व्हरला नेमकं काय माहीत होतं ते साध्या वाक्यांत छापा. त्यात काय नाही ते वापरणाऱ्याला दिसतं. तिसरी: वेळ संपली. ही सगळ्यात त्रासदायक, कारण काल पास झालेली सिद्धता आज कुठेतरी एका व्हेरिएबलचं नाव बदललं म्हणून अडू शकते. तिथे ‘तुमचं चुकलं’ असा सूर अजिबात नको. वेळ संपली असंच म्हणा, किती सेकंद लागले ते सांगा आणि कुठल्या अटीवर सगळ्यात जास्त गेले तेही.

तुमच्या सॉल्व्हरकडून पहिल्या प्रकारचं उदाहरण मिळतं का ते आधी बघा. झेड३ वापरत असाल तर ते मॉडेल म्हणून मागता येतं, फक्त त्यात यादी वगैरे सॉल्व्हरच्या अंतर्गत नावांनी येते; ती परत तुमच्या भाषेतल्या नावांत आणायचं काम तुमचं. मला त्याला दीड महिना लागला होता. ओळ ४२चा नवा मेसेज तयार झाला की पाठवा, वाचायला आवडेल.